नवे विमान का उडत नाही? दोष शोधण्याचे शास्त्र

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे घरच्या संगणकावर विमान चालवून पाहण्याची सोय. त्यात मूळची काही विमाने असतात. पण छंद लागलेल्या माणसाचे तेवढ्यावर भागत नाही. जगभरचे हौशी लोक आणि व्यावसायिक कंपन्या निरनिराळी विमाने, विमानतळ, उपकरणे तयार करतात. ती वरून जोडता येतात, म्हणून त्यांना 'अ‍ॅड-ऑन' म्हणतात. काही फुकट मिळतात, काही विकत घ्यावी लागतात.

असे नवे विमान संगणकात टाकले, मोठ्या उत्साहाने धावपट्टीवर आणले, आणि पाहावे तर चालककक्षातील तबकड्यांच्या जागी रिकामी भोके! इंजिन सुरू केले तर आवाज नाही. किंवा विमान धावपट्टीवर बेडकासारखे उड्या मारते आहे. अशा वेळी बहुतेक जण 'सगळे काढून पुन्हा टाकून बघू' असे म्हणतात. कधी त्याने काम होते, बरेचदा होत नाही. आणि झाले तरी नेमके काय बिघडले होते ते कळत नाही. म्हणजे पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच.

खरे तर असा बिघाड ही विज्ञानशिक्षकाला आयती मिळालेली प्रयोगशाळा आहे. निरीक्षण, गृहीतक, तुलना, एका वेळी एकच चल बदलणे, नोंद ठेवणे हे सारे इथे करावे लागते, आणि उत्तर बरोबर आले की चूक हे काही मिनिटांत समोर दिसते. कसे ते पाहू.

इंजिन वेगळे, वर्णन वेगळे

ब्रूस आर्टविक या अभियंत्याने १९७५ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचे चलचित्र दाखवण्याबद्दल प्रबंध लिहिला. त्यातूनच पुढे घरगुती संगणकावरचा त्याचा सिम्युलेटर आला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची आवृत्ती आयबीएम पीसीसाठी बाजारात आणली. या मालिकेतील 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' ही आवृत्ती २००६ ची. तिच्या फाइली साध्या मजकुराच्या आणि उघडून वाचता येण्याजोग्या असल्याने आपण उदाहरणासाठी तीच घेऊ.

सिम्युलेटरची मुख्य आज्ञावली हवेची घनता, गुरुत्वाकर्षण, वारा, उचल, रोध यांची गणिते सोडवते. पण ती कोणत्या विमानासाठी सोडवायची, हे तिला बाहेरून सांगावे लागते. ते सांगणारी कागदपत्रे म्हणजे विमानाचे फोल्डर. त्यात साधारणपणे पुढील गोष्टी असतात: विमानाचा बाह्य आकार, त्यावर चढवायचे रंग, चालककक्षातील तबकड्यांची यादी, आवाज, उड्डाणगुणांची एक फाइल, आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारी 'एअरक्राफ्ट.सीएफजी' नावाची मजकूर-फाइल. ही शेवटची फाइल म्हणजे जणू विमानाचे रेशनकार्ड. घरात कोण कोण आहे, कोणाचे नाव काय, ते तिच्यात लिहिलेले असते. नाव चुकले की धान्य मिळत नाही.

एकाच विमानाचे निरनिराळे रंग या फाइलीत क्रमांकाने लिहिलेले असतात: शून्य, एक, दोन, तीन असे. क्रम सलग हवा. दोननंतर कोणी चार लिहिले तर सिम्युलेटर दोनपाशीच थांबतो. पुढचे रंग डिस्कवर असूनही यादीत दिसत नाहीत. तसेच रंगाच्या फोल्डरचे नाव आणि फाइलीत लिहिलेले नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तर विमान काळे किंवा करडे दिसते. आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे फोल्डरच्या आत फोल्डर. दाबून छोटी केलेली फाइल उलगडताना त्याच नावाचे आणखी एक आवरण तयार होते. सिम्युलेटर पहिल्या आवरणात डोकावतो, त्याला काही मिळत नाही, आणि तो पुढे निघून जातो.

या सर्व दोषांत एक साम्य आहे. उड्डाणाचे गणित कुठेही चुकलेले नाही. चुकला आहे तो पत्ता.

एक मुके विमान

याचे चांगले उदाहरण जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत आणलेल्या विमानांत सापडते. 'फ्लाइट सिम्युलेटर २००४' मध्ये बोइंग ७३७-४०० हे विमान मूळचेच होते. अनेक हौशी निर्मात्यांनी आपल्या जेट विमानांसाठी स्वतंत्र आवाज बनवलेच नाहीत. त्यांनी आवाजाच्या फाइलीत एवढेच लिहिले की, 'आवाज ७३७-४०० च्या फोल्डरमधून घ्या.' शेजाऱ्याच्या विहिरीतून पाणी भरावे तसे. त्यामुळे डाउनलोड लहान होत असे.

२००६ च्या आवृत्तीत ७३७-४०० काढून तिच्या जागी ७३७-८०० आली. आता जुने विमान नव्या आवृत्तीत टाकले की ते बिचारे विहिरीकडे जाते, पण विहीर बुजलेली असते. विमान दिसते, उडते, पण मुके असते. तबकड्याही तशाच उसन्या घेतल्या असतील तर चालककक्षही रिकामा.

उपाय एका ओळीचा आहे: फाइलीची प्रत बाजूला ठेवून त्या ओळीतील ४०० च्या जागी ८०० च्या फोल्डरचे नाव लिहिणे. आवाज थोडा वेगळा येईल, पण येईल. आता विचार करा. हे न समजता कोणी ते विमान दहा वेळा काढून दहा वेळा टाकले असते, तर काय झाले असते? काहीच नाही. दोष विमानाच्या फाइलींत नव्हता. त्या फाइली आणि त्यांच्या आजूबाजूची परिस्थिती यांच्या नात्यात होता.

आधी तुलना

म्हणून दोष शोधताना पहिला प्रश्न 'काय बिघडले?' हा नसावा. 'कुठपर्यंत सगळे ठीक आहे?' हा असावा. वनस्पतीवर खताचा परिणाम पाहताना आपण एक कुंडी खताविना ठेवतो. इथे ती कुंडी म्हणजे सिम्युलेटरचे मूळ विमान.

नव्या विमानात तक्रार दिसली की मूळचे विमान त्याच विमानतळावर, त्याच हवामानात आणून पाहावे. त्यातही तीच तक्रार असेल तर नवे विमान निर्दोष आहे. दोष संगणकात, नियंत्रण-दांड्यात किंवा कुठल्यातरी सर्वसाधारण सेटिंगमध्ये आहे. फक्त नव्यातच असेल तर शोध त्याच्या फोल्डरपुरता आणि ते ज्यांच्याकडून उसने घेते त्यांच्यापुरता मर्यादित झाला. दोन मिनिटांच्या एका प्रयोगाने निम्मे जग बाजूला पडले.

दांड्याचा दोष बरेचदा याच चाचणीत पकडला जातो. स्वस्त दांड्यात फिरता विद्युतरोध बसवलेला असतो. दांडा हलला की एक स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर सरकतो आणि व्होल्टता बदलते. त्या पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली की दांडा स्थिर असतानाही आकडा थरथरत राहतो आणि विमान कापरे भरल्यासारखे उडते. सिम्युलेटरमध्ये मध्याजवळच्या छोट्या हालचाली दुर्लक्षण्याची सोय असते, तिने हे झाकता येते. मात्र झाकणे आणि बरे करणे यांतला फरक विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा.

अर्धे ठेवा, अर्धे काढा

समजा, एकाच नव्हे तर ६४ अ‍ॅड-ऑन गोष्टी आपण जमवल्या आहेत आणि सिम्युलेटर सुरू होतानाच बंद पडतो आहे. दोषी कोण? एकेक काढून पाहायचे तर वाईटात वाईट वेळी साठाहून अधिक फेऱ्या. प्रत्येक फेरीला पाच मिनिटे धरली तरी पाच तास गेले.

त्याऐवजी ३२ बाजूला काढा आणि सुरू करून पाहा. चालू झाला तर दोषी बाहेर काढलेल्या ३२ मध्ये आहे. बंद पडला तर आत राहिलेल्या ३२ मध्ये. ज्या गटात दोषी आहे त्याचे पुन्हा दोन भाग. ६४, ३२, १६, ८, ४, २, १. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, दोषी हाती लागतो. संख्या दुप्पट, १२८ झाली, तरी फक्त एक फेरी वाढते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो. २०२० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये अशी बरीचशी भर 'कम्युनिटी' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवतात, त्यामुळे हा प्रयोग तिथे फारच सोपा आहे. फोल्डर बाहेर सरकवायचे आणि परत आणायचे, एवढेच.

पण इथे एक मेख आहे, आणि हुशार विद्यार्थ्याला ती जरूर विचारावी. पहिला अर्धा भाग एकटा ठेवला, सिम्युलेटर चालला. दुसरा अर्धा एकटा ठेवला, तरीही चालला. दोन्ही एकत्र ठेवले की बंद! मग दोषी कोण?

उत्तर असे की दोषी एकटा नाही, जोडी आहे. एक पहिल्या गटात, दुसरा दुसऱ्या गटात. एकाच विमानतळाची दोन वेगवेगळी दृश्ये बसवली की असेच होते. प्रत्येक दृश्य स्वतंत्रपणे उत्तम, पण एकत्र आली की इमारतीत इमारत घुसते. अशा वेळी पहिला गट पूर्णच्या पूर्ण जागेवर ठेवायचा आणि फक्त दुसरा अर्धा-अर्धा करत जायचे. पाच फेऱ्यांत दुसऱ्या गटातील भागीदार सापडतो. मग फक्त त्याला जागेवर ठेवून पहिल्या गटाचे भाग करायचे. आणखी पाच फेऱ्या. सुरुवातीच्या दोन धरून एकूण बारा. दोन औषधे वेगवेगळी घेतली तर चालतात, एकत्र घेतली तर त्रास होतो, हे डॉक्टरांना नेहमी भेटणारे कोडे याच जातीचे आहे.

नोंदवही काय सांगते

'एक्स-प्लेन' हा दुसरा प्रसिद्ध सिम्युलेटर दर वेळी सुरू होताना 'लॉग' नावाची मजकूर-फाइल नव्याने लिहितो. कोणते विमान उघडले, कोणता तुकडा सापडला नाही, कोणती जोड-आज्ञावली सुरू झाली, हे त्यात क्रमाने येते. 'फ्लाइटगिअर' या मुक्त आणि मोफत सिम्युलेटरमध्येही अशी फाइल असते. बंद पडल्यावर ही फाइल शेवटाकडून वाचायला सुरुवात करावी. मात्र सिम्युलेटर पुन्हा सुरू करण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवली पाहिजे, नाहीतर पुरावा पुसला जातो.

शेवटची ओळ ज्याच्या नावाची तोच गुन्हेगार, असे मात्र समजू नये. प्रेताशेजारी उभा असलेला माणूस खुनीच असेल असे नाही. शेवटची ओळ आपल्याला गृहीतक देते. ते तपासायचे म्हणजे त्या एकाच गोष्टीला बाहेर काढून पुन्हा पाहायचे. बिघाड गेला, ती परत आणली आणि बिघाडही परत आला, तरच आरोप सिद्ध.

'पुन्हा टाकून बघू' का फसते?

फ्लाइट सिम्युलेटर एक्स काढून टाकला तरी वापरणाऱ्याच्या पसंतीच्या नोंदी आणि सुरुवातीलाच चालू करायच्या जोड-आज्ञावल्यांची यादी संगणकाच्या वेगळ्या कोपऱ्यात शिल्लक राहतात. नवा सिम्युलेटर येतो, तीच जुनी यादी वाचतो आणि त्याच खड्ड्यात पडतो. घर बदलले, पण जुनी किल्ली आणि जुनी सवय बरोबर आली. त्यापेक्षा पसंतीच्या नोंदींच्या फाइलीचे नाव बदलून पाहावे. सिम्युलेटर तशी नवी फाइल आपोआप तयार करतो. बिघाड गेला तर कारण कळले. नाही गेला तर जुने नाव परत द्यावे. काहीच गमावले नाही.

कधी कधी दोष कोणत्याच एका वस्तूचा नसतो. फ्लाइट सिम्युलेटर एक्स ही ३२ बिटांची आज्ञावली आहे. स्मृतीतील प्रत्येक घराला ३२ द्विमान अंकांचा क्रमांक. असे क्रमांक २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ होतात. याचा अर्थ जास्तीत जास्त ४ गिगाबाइट. संगणकात १६ गिगाबाइट स्मृती बसवली तरी बाकीच्या घरांना क्रमांकच नाहीत, तर टपाल पोचणार कसे? तपशीलवार विमान, तपशीलवार विमानतळ आणि दाट ढग एकत्र आले की क्रमांक संपतात आणि 'स्मृती संपली' असा संदेश येऊन उड्डाण थांबते, बरेचदा लांबच्या प्रवासानंतर नेमके उतरताना. इथे अर्धे-अर्धे करून गुन्हेगार शोधायला गेले तर काहीही काढले तरी बिघाड जातो! पिशवी फाटली ती शेवटच्या बटाट्यामुळे नव्हे, एकूण वजनामुळे. पुढे आलेल्या ६४ बिटांच्या सिम्युलेटरांत ही मर्यादा उरली नाही. पण त्यांना ३२ बिटांसाठी बनवलेल्या जुन्या तबकड्यांच्या फाइली वाचता येत नाहीत. एक कुलूप उघडले, दुसरे लागले.

हा बिघाड आहे तरी का?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. एका पात्याच्या पंख्याचे विमान घेतले, पूर्ण शक्ती दिली, आणि ते धावपट्टी सोडून डावीकडे पळू लागले. नवशिका म्हणतो, 'अ‍ॅड-ऑन सदोष आहे.' पण पंखा चालकाच्या दृष्टीने घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर खरे विमानही असेच डावीकडे ओढते. पंख्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवू पाहते, आणि पंख्यामागची गोल फिरत येणारी हवा शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते. चालकाने उजव्या पायाने सुकाणू दाबून हे सावरायचे असते.

मग दोष आणि भौतिकशास्त्र यांत फरक कसा करायचा? पुन्हा प्रयोगानेच. वारा शून्य करावा. शक्ती अगदी कमी ठेवून विमान हळू चालवावे. ओढ नाहीशी झाली आणि शक्तीबरोबर वाढत गेली, तर ते पंख्याचे काम. कमी शक्तीतही तेवढीच ओढ राहिली, तर दांडा किंवा सुकाणूचे पायपट्टे तपासावेत.

दुसरे उदाहरण लेहचे. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून १०,६८२ फुटांवर आहे. छोटे सेसना १७२ तिथे नेले तर इंजिन मरगळते आणि धावपट्टी संपत आली तरी चाके उचलत नाहीत. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्केच असते. इंजिनाला हवा कमी, पंखांना हवा कमी, पात्यांनाही हवा कमी. चालकाने इंधनाचे प्रमाण हाताने कमी केले नाही तर मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन शक्ती आणखी घटते. तेच विमान तेवढ्याच वजनाने मुंबईहून उडवून पाहिले की खुलासा होतो. सिम्युलेटर बिघडलेला नाही. तो आपल्याला शिकवतो आहे.

उलट प्रकारही घडतो. स्वयंचलित चालक चालू असताना विमान वरखाली हेलकावे घेऊ लागले, तर नवशिका हवेला दोष देतो. खरे कारण संगणकाची दमछाक असू शकते. सिम्युलेटरमधला काळ सलग वाहत नाही, चौकटी-चौकटींनी उड्या मारतो. सेकंदाला ७० मीटर वेगाने उतरणारे विमान ३० चौकटींच्या गतीने दर उडीत सव्वादोन मीटरच सरकते. ५ चौकटींच्या गतीने १४ मीटर. दुरुस्ती उशिरा पोचते, म्हणून जास्त होते, मग उलट दिशेने पुन्हा जास्त. न्हाणीघरात गरम पाणी उशिरा येते तेव्हा आपण नळ आधी फार उघडतो, मग फार बंद करतो, तसेच. चित्रातील तपशील कमी करून चौकटी वाढवल्या आणि हेलकावे थांबले, तर निदान पक्के. याच अडचणीसाठी एक्स-प्लेनमध्ये चौकटी सेकंदाला सुमारे २० च्या खाली गेल्या की आभासी घड्याळच मुद्दाम मंद केले जाते. तिथे मनगटावरचे घड्याळ आणि पडद्यावरचे घड्याळ जुळत नाही म्हणून कोणी तक्रार करू नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेत सिम्युलेटर नसला तरी ही पद्धत शिकवता येते.

१. एका विद्यार्थ्याने मनात १ ते ६४ मधील एक संख्या धरावी. 'ती ३२ पेक्षा मोठी आहे का?' अशा हो-नाही प्रश्नांनी ती सहा प्रश्नांत शोधावी. मग दोन संख्यांची जोडी धरावी, आणि उत्तर देणाऱ्याने 'दोन्ही या गटात असतील तरच हो' म्हणावे. पद्धत कशी बदलावी लागते ते मुलांनाच शोधू द्यावे.

२. सेल, तारा, बटण आणि दिव्याच्या जोडणीत शिक्षकाने गुपचूप एक दोष ठेवावा. मुलांनी प्रत्येक बदलाआधी वहीत तीन रकाने भरावेत: काय बदलणार, काय होईल असे वाटते, प्रत्यक्षात काय झाले. एका वेळी दोन बदल करणाऱ्या गटाचा दिवा लागला तरी त्याला कारण सांगता येणार नाही.

३. संगणक असल्यास फ्लाइटगिअरमध्ये एकच विमान समुद्रसपाटीवर आणि उंच विमानतळावर उडवून धावपट्टीवर किती अंतर लागते ते मोजावे.

या साऱ्यात तिसरा रकाना भरण्याआधी दुसरा भरणे महत्त्वाचे. 'असे होईल' असे आधी लिहून ठेवलेले असले, तरच 'तसे झाले नाही' यातून काही शिकता येते. आणि इथे विमान कितीही वेळा कोसळले तरी कोणाला खरचटत नाही. शिकण्यासाठी याहून निर्धास्त जागा क्वचितच मिळेल.